शालेय स्तरावरील कलेतिहासाचा अभ्यास

शालेय स्तरावरील कलेतिहासाचा अभ्यास म्हणजे माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांनी चित्र, शिल्प आणि वास्तू यांच्या इतिहासाचा विद्यापीठीय पद्धतीने केलेला अभ्यास होय. चित्र काढण्याचे कौशल्य शिकवणाऱ्या चित्रकला या विषयाहून तो वेगळा आहे. कलाकृतीचे बारकाईने निरीक्षण व वर्णन करणे, तिचा काळ, शैली, आश्रयदाता व उपयोग ठरवणे आणि त्याविषयीचे मत पुराव्यानिशी लेखी मांडणे, हा या अभ्यासाचा गाभा होय. अमेरिका, इंग्लंड, इटली अशा देशांत हा विषय शालेय वयात स्वतंत्रपणे शिकता येतो. महाराष्ट्रात तो इतिहास, चित्रकला आणि अकरावी-बारावीचे वैकल्पिक विषय यांत विभागलेला आहे.

जळगाव जिल्ह्यातील भुसावळ आणि एकूणच खानदेश हा प्रदेश या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जगातील प्राचीन चित्रकलेच्या सर्वांत मोठ्या ठेव्यांपैकी एक असलेली अजिंठ्याची लेणी येथून एका दिवसात पाहून परत येता येते. या लेण्यांच्या आधुनिक अभ्यासाच्या इतिहासाशीही भुसावळचा थेट संबंध आहे.

स्वरूप

शालेय चित्रकलेत विद्यार्थ्याच्या हाताची परीक्षा होते, तर कलेतिहासात त्याच्या निरीक्षणाची व तर्काची. उत्तम चित्र काढता न येणारा विद्यार्थीही कलेतिहासाचा चांगला अभ्यासक होऊ शकतो. या अभ्यासासाठी प्रयोगशाळा किंवा महागडी साधने लागत नाहीत. मात्र मूळ कलाकृती किंवा तिची चांगली प्रतिमा, विश्वसनीय वाचनसामग्री आणि लेखनावर अभिप्राय देणारा शिक्षक यांची आवश्यकता असते.

एखादा शालेय अभ्यासक्रम विद्यापीठीय दर्जाचा आहे की नाही, हे त्यातील कलाकृतींच्या संख्येवरून ठरत नाही. लेण्याचे नाव, शतक आणि राजवंश पाठ असणे ही केवळ पूर्वतयारी होय. ते शतक कशावरून ठरवले, दुसऱ्या अभ्यासकाने वेगळे शतक का मानले आणि दोन मतांपैकी कोणत्या मताला अधिक आधार आहे, हे सांगता येणे ही विद्यापीठीय अभ्यासाची खूण मानली जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अजिंठ्याच्या लेण्यांकडे आधुनिक काळात लक्ष वेधले गेले ते २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा ब्रिटिश लष्करी अधिकारी तेथे पोहोचल्यानंतर. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल (१८०४–१८७९) यांची तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. गिल यांनी अनेक वर्षे अजिंठा परिसरात राहून मोठ्या आकाराच्या तैलरंगातील प्रतिकृती तयार केल्या. लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही घेतली. त्यांपैकी काही १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह प्रसिद्ध झाली. एप्रिल १८७९ मध्ये गिल यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथील युरोपीय दफनभूमीत आहे.

विद्यार्थ्यांचा या कामातील मोठा सहभाग १८७२ पासून दिसतो. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयातील (स्थापना १८५७) शिक्षक जॉन ग्रिफिथ्स हे १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. या विद्यार्थ्यांनी भिंतींवरील व छतांवरील चित्रांच्या शेकडो प्रतिकृती केल्या. त्यांपैकी अनेक लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे १८८५ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. या कामावर आधारित ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील कलाशिक्षणात प्राचीन भारतीय कलेचा पद्धतशीर अभ्यास वर्गाऐवजी प्रत्यक्ष स्थळी घडल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

१९०९ ते १९११ या काळात क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी पुन्हा प्रतिकृतींचे काम हाती घेतले. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हलदार, के. वेंकटप्पा व समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण चित्रकार होते. अजिंठ्यातील रेषा व रचना यांचा या चित्रकारांच्या पुढील कामावर खोल परिणाम झाला. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्याच्या सजावटीचे काम महात्मा गांधींनी नंदलाल बोस यांच्याकडे सोपवले. बांबूसारख्या स्थानिक साहित्याचा वापर हे त्या सजावटीचे वैशिष्ट्य होते. प्राचीन भित्तिचित्रे, बंगाल शैली आणि राष्ट्रीय चळवळीतील कला हे तीन टप्पे अशा प्रकारे खानदेश व त्याच्या सीमेवरील स्थळांच्या आधारे अभ्यासता येतात.

महाराष्ट्रातील अभ्यासक्रम

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा

राज्याचे कला संचालनालय (स्थापना १९६५) एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा घेते. शालेय विद्यार्थ्यांमध्ये कलाविषयक परीक्षा म्हणून याच सर्वाधिक परिचित आहेत. इंटरमिजिएट परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन या विषयांचा समावेश होतो. या परीक्षेतील श्रेणीनुसार दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. परीक्षेचा रोख प्रात्यक्षिक कौशल्यावर असून कलेतिहासाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका तिच्यात नाही. त्यामुळे या दोन्ही परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यानेही कलेतिहासाचा अभ्यास केलेला असेलच असे नाही.

राज्य मंडळ

राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकात भारतीय कलांचा इतिहास या विषयावर स्वतंत्र पाठ आहे. उपयोजित इतिहास व ऐतिहासिक ठेव्यांचे जतन या विषयांवरही त्यात पाठ आहेत. हा विषय सर्व विद्यार्थ्यांना शिकावा लागत असल्याने कलेतिहासाशी त्यांचा पहिला औपचारिक परिचय येथे होतो. मात्र एका पाठाच्या मर्यादेत परिचयापलीकडे जाण्यास फारसा वाव नसतो.

अकरावी-बारावीच्या वैकल्पिक विषयांत कलेचा इतिहास व रसग्रहण हा विषय आहे. त्यात चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला यांचा समावेश होतो. विषय मंडळाच्या यादीत असला, तरी तो शिकता येणे हे संबंधित कनिष्ठ महाविद्यालयाने तो सुरू केला आहे की नाही यावर अवलंबून असते.

केंद्रीय मंडळ व मुक्त विद्यालय

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या चित्रकला विषयात ३० गुण सिद्धांताला व ७० गुण प्रात्यक्षिकाला असतात. सिद्धांताचा भाग म्हणजे भारतीय कलेचा इतिहासच होय. अकरावीत प्रागैतिहासिक शैलचित्रांपासून मंदिरशिल्पे, कांस्यमूर्ती व इस्लामी वास्तुकलेपर्यंतचा, तर बारावीत राजस्थानी, पहाडी, मोगल व दख्खनी लघुचित्रे, बंगाल शैली आणि आधुनिक कला असा क्रम असतो. अजिंठ्याच्या लेणे क्र. १ मधील बोधिसत्त्व पद्मपाणी आणि लेणे क्र. २६ मधील मारविजय या कृती अकरावीच्या अभ्यासक्रमात आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या चित्रकला विषयातही सिद्धांताचा भाग असून नियमित शाळेत न जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तो उपलब्ध आहे.

इतर देशांतील स्वरूप

अमेरिकेतील कॉलेज बोर्ड ही संस्था ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या योजनेखाली शालेय विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे अभ्यासक्रम आखते. कलेतिहास हा त्यांपैकी एक आहे. त्यात जगभरातील २५० ठरावीक कलाकृती १० विभागांत मांडल्या आहेत. तीन तासांच्या परीक्षेत ८० बहुपर्यायी व ६ लेखी प्रश्न असतात. लेखी प्रश्नांत दोन कृतींची तुलना करणे, अपरिचित कृतीची शैली ओळखून तिची कारणे देणे, दिलेल्या विषयावर युक्तिवाद करणे अशी कामे असतात. गुणांकन १ ते ५ असे असून चांगल्या गुणांकनाच्या आधारे अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदवीसाठी श्रेयांक देतात किंवा प्राथमिक अभ्यासक्रमातून सूट देतात.

या २५० कृतींपैकी प्राचीन भूमध्यसागरी प्रदेश, आरंभीचा युरोप व वसाहतकालीन अमेरिका आणि उत्तरकालीन युरोप व अमेरिका या तीन विभागांतच १४१ कृती आहेत. दक्षिण, पूर्व व आग्नेय आशिया मिळून २१ कृती असून त्यांपैकी ५ भारतीय आहेत: सांचीचा स्तूप, खजुराहोचे लक्ष्मण मंदिर, नटराजाची कांस्यमूर्ती, बिचित्र या मोगल चित्रकाराने काढलेले जहांगीराचे चित्र आणि ताजमहाल. अजिंठ्याचा या यादीत समावेश नाही. कलाकृतींची कोणतीही यादी ही निवड असते आणि ती निवड करणाऱ्यांच्या परंपरेचा तिच्यावर प्रभाव असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

इंग्लंडमध्ये कलेतिहास हा ए-लेव्हल परीक्षेचा विषय आहे. २०१६ मध्ये तो घेणाऱ्या एकमेव परीक्षा मंडळाने तो बंद करण्याचे जाहीर केले. त्याविरुद्ध अभ्यासक व कलावंतांनी आवाज उठवल्यावर दुसऱ्या मंडळाने नवा अभ्यासक्रम तयार केला व सप्टेंबर २०१७ पासून तो शिकवला जाऊ लागला. इटलीत लिसेओ या उच्च माध्यमिक शाळांमध्ये कलेतिहास हा नियमित विषय आहे.

अभ्यासपद्धती

शालेय स्तरावर शिकता येण्याजोग्या प्रमुख पद्धती अजिंठ्याच्या उदाहरणांवरून पुढीलप्रमाणे सांगता येतात.

रूपविश्लेषण

कलाकृतीतील रेषा, आकार, रंग, प्रमाण व अवकाश यांचे वर्णन करून त्यांतून निष्कर्ष काढणे म्हणजे रूपविश्लेषण. लेणे क्र. १० व लेणे क्र. २६ ही दोन्ही चैत्यगृहे आहेत. दोहोंत स्तंभांच्या दोन रांगा, अर्धवर्तुळाकार मागील भाग आणि तेथे स्तूप अशी मांडणी आहे. पहिल्यात अष्टकोनी स्तंभ साधे असून स्तूपावर बुद्धमूर्ती नाही. दुसऱ्यात स्तंभ व त्यांवरील पट्टे शिल्पांनी भरलेले असून स्तूपाच्या दर्शनी भागावर बसलेल्या बुद्धाची मोठी मूर्ती कोरलेली आहे. दोन्ही लेण्यांमध्ये सुमारे पाच-सहा शतकांचे अंतर आहे. या काळात उपासनेच्या स्वरूपात पडलेला फरक येथे कोणत्याही ग्रंथाशिवाय केवळ तुलनेतून लक्षात येतो.

प्रतिमाविद्या

चित्रातील किंवा मूर्तीतील व्यक्ती, मुद्रा व चिन्हे ओळखून त्यांचा अर्थ लावणे म्हणजे प्रतिमाविद्या. लेणे क्र. १ मधील बोधिसत्त्व हातातील कमळावरून पद्मपाणी म्हणून ओळखला जातो. लेणे क्र. २६ मधील मारविजयाच्या शिल्पात बुद्धाचा उजवा हात जमिनीला स्पर्श करतो. या भूमिस्पर्श मुद्रेवरून ज्ञानप्राप्तीचा प्रसंग निश्चित होतो.

संदर्भविश्लेषण

कलाकृती कोणी, कोणासाठी, कोणत्या खर्चाने व कशाकरिता घडवली याचा शोध यात घेतला जातो. लेणे क्र. १६ मधील शिलालेखावरून ते वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतल्याचे समजते. लेणे क्र. २६ च्या शिलालेखात बुद्धभद्र या भिक्षूचे नाव दाता म्हणून येते. एक दाता मंत्री आणि दुसरा भिक्षू, ही नोंद लेण्यांच्या आश्रयदात्यांविषयीच्या चर्चेचा आधार ठरते. चित्रांतील निळ्या रंगासाठी वापरलेला राजावर्त हा दगड दूरच्या अफगाण प्रदेशातून येत असे. त्यावरून तत्कालीन व्यापाराचा अंदाज बांधता येतो.

कालनिश्चिती

लेणे क्र. १ मधील एका दरबारी दृश्यात परदेशी पेहरावातील माणसे दिसतात. १८७९ मध्ये फर्ग्युसन यांनी हे चित्र चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारात आलेल्या इराणच्या दुसऱ्या खुस्रोच्या वकिलातीचे असल्याचे प्रतिपादन केले. ते मान्य केल्यास चित्राचा काळ सातवे शतक ठरतो. पुढील अभ्यासकांनी हे चित्र राजकीय घटनेचे नसून बौद्ध कथेतील प्रसंगाचे असल्याचे मत मांडले. वॉल्टर स्पिंक यांनी शिलालेख, कोरीव कामाचे अपुरे राहिलेले टप्पे आणि वाकाटक इतिहास यांच्या आधारे अजिंठ्यातील उत्तरकालीन लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील थोड्या वर्षांत घडल्याचे मांडले. चित्र तेच असताना पुराव्याच्या वाचनानुसार त्याचा काळ सुमारे दीडशे वर्षांनी मागेपुढे होतो. शालेय विद्यार्थ्याला विद्यापीठीय अभ्यासाचे स्वरूप समजावून देण्यास हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

संवर्धनाचा इतिहास

अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नसून मातीच्या कोरड्या लेपावर रंगवलेली आहेत. त्यामुळे ती नाजूक आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रतिकृती करताना चित्रे उठून दिसावीत म्हणून लावलेले व्हार्निश पुढे काळवंडले. १९२० च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी ते काढण्याचे काम केले, तथापि त्यांनी वापरलेला लाखेचा लेपही कालांतराने गडद झाला. त्यामुळे गिल व ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृती, त्यांत दोष असले तरी, आज नष्ट झालेल्या भागांचा पुरावा म्हणून वापरल्या जातात.

खानदेश व परिसरातील अभ्यासस्थळे

अजिंठा: लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जळगावपासून सुमारे ६० किमी अंतरावर आहेत. भुसावळहून जामनेर व पहूरमार्गे फर्दापूरला जाता येते. १९८३ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे.

पितळखोरा: गौताळा परिसरातील प्राचीन बौद्ध लेणी. अजिंठ्याच्या पहिल्या टप्प्याशी तुलनेसाठी उपयुक्त.

पाटणे: चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीचे मंदिर व परिसरातील अवशेष. येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे.

चांगदेव: मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णा संगमावरील मंदिर. यादवकालीन मंदिरस्थापत्याच्या अभ्यासासाठी भुसावळपासून जवळचे स्थळ.

बळसाणे: धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील मध्ययुगीन मंदिरांचा समूह.

धुळे: इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ (स्थापना १९२७). येथे हस्तलिखिते व मूर्तींचा संग्रह आहे.

चाळीसगाव: छायाचित्रकार व चित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे निवासस्थान आता कलादालन म्हणून जतन केले आहे. छायाचित्रण हा कलेतिहासाचा भाग म्हणून येथे अभ्यासता येतो.

उच्च शिक्षणाशी संबंध

कलेतिहासात पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी बडोदा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा (स्थापना १९५०) महत्त्वाची आहे. तेथे बारावीनंतर कलेतिहासाचा पदवी अभ्यासक्रम उपलब्ध आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांच्या बीएफए प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेत प्रात्यक्षिकांबरोबर कलाविषयक सामान्य ज्ञानाची वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका असते. त्यामुळे चित्रकार होऊ इच्छिणाऱ्यांनाही कलेतिहासाची तयारी करावी लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय व उच्च शिक्षण एकाच श्रेयांक पद्धतीत जोडण्याची तरतूद आहे. त्यात अध्ययनाचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक असे गणित धरले आहे. केंद्र सरकारच्या स्वयम् या संकेतस्थळावरील विद्यापीठीय अभ्यासक्रमांना कोणालाही विनामूल्य नोंदणी करता येते, प्रमाणपत्रासाठी मात्र शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते.

मर्यादा

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांपुढील मुख्य अडचण भाषेची आहे. अजिंठ्याविषयीचे बरेचसे मूलभूत संशोधन इंग्रजीत असून ते महागड्या ग्रंथांत विखुरलेले आहे. मराठी विश्वकोशातील कलाविषयक नोंदी महाजालावर विनामूल्य वाचता येतात व परिभाषेच्या दृष्टीने त्या उपयुक्त आहेत. दुसरी अडचण शिक्षकांची आहे. कलाशिक्षकाचे प्रशिक्षण प्रामुख्याने प्रात्यक्षिकाचे आणि इतिहास शिक्षकाचे प्रामुख्याने राजकीय व सामाजिक इतिहासाचे असल्याने कलेतिहास दोहोंच्या मध्ये राहतो. तिसरी मर्यादा मूल्यमापनाची आहे. नाव, शतक व राजवंश विचारणारे प्रश्न तपासण्यास सोपे असतात, तर तुलना व युक्तिवाद तपासण्यास वेळ लागतो.

स्थळांच्या जवळ राहणे हा लाभ आपोआप अभ्यासात रूपांतरित होत नाही. अजिंठ्याला जाणाऱ्या शालेय सहलीत एका दिवसात सर्व लेणी पाहण्याचा प्रयत्न होतो. त्याऐवजी दोन लेणी निवडून त्यांची तुलना करणे, आराखडा काढणे आणि परतल्यावर लेखी टिपण तयार करणे ही विद्यापीठीय क्षेत्रभेटीच्या जवळ जाणारी पद्धत आहे. त्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रमाची किंवा परवानगीची आवश्यकता नसते. अकरावी-बारावीत कलेचा इतिहास हा विषय उपलब्ध नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही ती अवलंबता येते.

हेही पहा

अजिंठा लेणी
रॉबर्ट गिल
सर ज. जी. कला महाविद्यालय
भुसावळ
वाकाटक राजवंश
नंदलाल बोस
केकी मूस